घरटी एक लाकूड

रविवार, ९ मे २०२१, सकाळी साडेदहा. रक्कम रुपये बारा हजार आठशे. चौसष्ट घरे, घरटी वर्गणी दोनशे. हजर अकरा. देवळाच्या चौकात एकमेकांपासून दोन-दोन हात सोडून, तोंडाला मास्क लावून आम्ही बसलो होतो. बारावा माणूस पायऱ्यांखाली उन्हात उभा होता. नाका उभारायला त्याने बांबू तोडून आणले होते आणि ते कुठे पुरायचे हे कोणीतरी सांगेल म्हणून थांबला होता. हजेरी मी लिहिली. त्याला मी हजेरीत धरले नाही.

मी वाड्याचा खजिनदार. वाडा म्हणजे आमच्याकडे गावातली एक वस्ती. आमची पेडणे तालुक्यात, पार्सेहून चालत येण्यासारखी. बावीस वर्षे मी डिचोलीच्या एका खाणीवर वजनकाट्याशी नोकरी केली. भरलेला ट्रक, रिकामा ट्रक, वजाबाकी. खाणी बंद पडल्या तसा घरी आलो. थोडे माड, थोडी काजूची झाडे आणि वाड्याची वही. वही आधी वडिलांकडे होती. तिच्यात चौसष्ट घरांची यादी, जत्रेची वर्गणी आणि वाड्यावरच्या मृत्यूंची नोंद. त्या दिवसांत मी तिच्या मागच्या पानांवर आणखी एक गोष्ट लिहीत असे. संध्याकाळी सरकारचा आकडा यायचा. आज किती तपासले, किती सापडले, किती गेले. तो उतरून घेतल्याशिवाय मी जेवायला बसत नसे.

सभेपुढे विषय एकच होता, वाडा बंद करण्याचा. आसपासच्या पंचायतींनी आपापले गाव बंद केलेच होते. वर्तमानपत्रांत रोज वाद चालू होता. दाखल्याशिवाय सीमेवरून कोणाला सोडू नये, असे एक पत्र. सोडले नाही तर सिंधुदुर्गातून येणारी भाजी, दूध आणि कामाची माणसे यांचे काय, असे दुसरे. पर्यटकाला एक न्याय आणि मजुराला दुसरा का, असे तिसरे. मी तिन्ही वाचत होतो आणि तिन्ही मला पटत होती.

"पात्रादेवीच्या नाक्यार पोलीस कागद पळयतात," आमच्या प्रभागाचा पंच म्हणाला. "पूण रानांतल्यान येतात तांचें कितें? पलतडच्यांक सगळ्यो वाटो खबर."

पलतड म्हणजे नदीच्या पलीकडचा काठ. आमच्या बोलण्यात सीमेपलीकडचा प्रत्येक माणूस पलतडचा.

माझा चुलतभाऊ पिकअप चालवतो आणि कोणाची भीड ठेवत नाही. तो म्हणाला, "मगे पयली तुजी बायल व्हर नाक्यार. ती बांद्याची, पलतडचीच."

सगळे हसले. पंच म्हणाला, "ती आमची जाली रे. लग्न जावन तीस वर्सां जालीं."

"आनी हो बांबू हाडलेलो? तोय तीस वर्सां हांगाच आसा."

"ताका कोणें लग्न करून हाडलां?"

पुन्हा हशा झाला. पायऱ्यांखाली उभा होता तोही हसला.

अध्यक्ष निवृत्त मास्तर. त्यांनी ठराव लिहायला घेतला. वाड्याच्या तोंडाशी नाका, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा माणूस, रात्री साखळी आणि कुलूप. बाहेरच्यांना बंदी. शेवटचे कलम मसणवटीचे. कुठल्याशा गावात बाहेरून प्रेत आणून जाळले अशी बातमी मोबाईलवर फिरत होती. खरी की खोटी, कोणी विचारले नाही. मास्तरांनी लिहिले, मसणवट फक्त आपल्या माणसांसाठी राहील.

इथे मी तोंड उघडले. आपली म्हणजे कोण, मी विचारले. काट्यावर अंदाजे चालत नाही. उद्या एक जण म्हणेल माझा मेहुणा आपला, दुसरा म्हणेल माझा भाडेकरू आपला. मोजता येईल असे काहीतरी हवे. मग मीच सांगितले आणि मास्तरांनी उतरून घेतले, "वाड्याच्या यादीत क्रमांक असलेल्या चौसष्ट घरांतील माणसे."

"बरें सुचयलें," मास्तर म्हणाले. "आता वाद उरलो ना."

खर्चही तिथेच ठरला. नाक्यावर दिवसा बसणाऱ्याला तीनशे रुपये रोज, पंधरा दिवसांचे साडेचार हजार. साखळी-कुलूप सहाशे चाळीस. फवारणी दोन हजार एकशे साठ. उरलेले साडेपाच हजार राखीव; ज्या घरात रोग येईल त्याला पाचशेचा किराणा, अकरा घरांपुरता. नाक्यावर बसायला चौसष्ट घरांतून कोणी तयार होईना. शेवटी पंचाने मान वळवून पायऱ्यांखालच्याला विचारले.

"बसतंय," तो म्हणाला.

तो आमचा पाडेली. माडावर चढून नारळ पाडणारा. गोवा घटक राज्य झाले त्याच्या पुढच्या वर्षी तो बायकोला घेऊन सिंधुदुर्गातून आला. तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. माडांच्या बागेला आमच्याकडे भाट म्हणतात. वाड्याच्या कडेच्या भाटात मालकाने त्याला झोपडी बांधू दिली. झोपडीला पंचायतीचा क्रमांक नाही, कारण जमीन मालकाची. शिधापत्रिका आणि मत दोन्ही सीमेपलीकडेच राहिले. माझ्या वहीतही ती झोपडी नव्हती. जत्रेची वर्गणी आम्ही त्याच्याकडे कधी मागितली नाही. गरिबाला सूट दिली, असे आम्हा सगळ्यांना वाटत होते. आधी वडिलांना, मग मला.

आमच्या वाड्यावर कोणी गेले की घरटी एक माणूस आणि एक लाकूड जाते. विकतच्या लाकडावर इथे कोणी जळलेले नाही, हे वडील अजून अभिमानाने सांगतात. घरोघर जाऊन कळवण्याचे काम हळूहळू पाडेल्याकडे आले. त्याला सगळी अंगणे ठाऊक होती. अंगणात उभा राहून तो एवढेच म्हणायचा, "अमक्याच्या घराक लाकूड," आणि पुढे जायचा. मरणाची बातमी सांगणाऱ्याने कोणाच्या घरचे पाणी घ्यायचे नसते, म्हणून भर मे महिन्यातही तो घोटभर पाणी घेत नसे. चौसष्ट घरे झाली की झोपडीवर जाऊन स्वतःचे लाकूड खांद्यावर घ्यायचा आणि सगळ्यांच्या मागून मसणवटीत यायचा. ते त्याला कोणी सांगितले नव्हते.

१० मेपासून तो नाक्यावर बसू लागला. पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, नाक्याशी पाव ठेवून जायचा. पाडेली ते घरोघर नेऊन अंगणातल्या टोपल्यांत टाकायचा. भाजीचा टेम्पो आला तरी तसेच. सहा दिवस कोणाची तक्रार नव्हती. १६ तारखेला, रविवारी, वादळ आले. माड मोडले, आंबे मुळासकट पडले, वीज गेली ती चार दिवस आली नाही. नाका तर तासाभरातच आडवा झाला.

सोमवारी सकाळी पाडेली आमच्या गडग्यापलीकडे, म्हणजे अंगणाच्या दगडी कुंपणापलीकडे, उभा राहिला. नेहमी गडग्याला टेकायचा, त्या दिवशी टेकला नाही.

"भाऊ, मी आता नाक्यार बसूचंय नाय. बायलेक ताप आसा. दुसरो कोण बग."

मंगळवारी आरोग्य केंद्रात दोघांची तपासणी झाली. तिला रोग होता, त्याला नव्हता. बुधवारी तिला श्वास पुरेना. रुग्णवाहिका वाड्याच्या तोंडाशी आली आणि अडकली, कारण वाटेवर आंब्याचे खोड पडले होते. पाडेल्याने कुऱ्हाड आणून ते एकट्याने तोडले. पस्तीस मिनिटे लागली. खिडकीला आमच्याकडे जनेल म्हणतात. प्रत्येक जनेलात एकेक तोंड होते, मीही माझ्या जनेलात होतो. मी बाहेर गेलो नाही. घरात शहाऐंशी वर्षांचे वडील आहेत असे मी स्वतःला सांगितले, आणि ते खरेही होते. ती स्वतःच्या पायांनी चालत गाडीपर्यंत गेली. दर काजूच्या हंगामात ती आमच्याकडे बिया गोळा करायला यायची आणि फुटक्या बिया मी सांगण्याआधीच वेगळ्या ठेवायची. जाताना तिने कोणाकडे पाहिले नाही.

त्यानंतर वाड्याची जीभ सुटली. नाक्यावर बसून यानेच सगळ्यांना रोग वाटला. आठवडाभर पाव त्याच्या हातचा खाल्ला, आता ज्याला त्याला पाव आठवून घसा दुखू लागला. किराण्याचे पाचशे मी त्याला दिले नाहीत, कारण राखीव रक्कम यादीतल्या घरांसाठी होती. घरचे पाच किलो तांदूळ आणि डाळ मी त्याच्या दारापासून दहा पावलांवर ठेवून आलो. त्या वेळी मला हा व्यवहार चोख वाटला.

२४ मे, सोमवार. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी माझा फोन वाजला. इस्पितळाच्या कागदावर पाडेल्याने माझा नंबर दिला होता. ती पहाटे गेली होती.

मी झोपडीकडे जाऊन लांबूनच सांगितले. तो बांधावर बसला. मग उठून आत गेला, मोबाईल आणून पलीकडच्या भावाला लावला आणि मला पाठमोरा उभा राहून बोलला. परत वळला तेव्हा आवाज साधा होता.

"थंय नेवक देणत नाय. तेंच्या गावानय ठराव केलो हा, भायला मडा घेवचा नाय. थंय म्हणतत ती गोंयची. हंय म्हणतत पलतडची."

इस्पितळातल्या माणसाने मला दोन वाटा सांगितल्या होत्या. शहरातल्या स्मशानात ते स्वतःच सगळे उरकतील. किंवा गावातला कोणी जबाबदार माणूस सही देत असेल तर शववाहिका तीन वाजता गावात येईल, पाच वाजेपर्यंत थांबेल आणि लाकडे रचून तयार नसतील तर परत जाईल. मी ते पाडेल्याला सांगितले. शहरात त्रास नाही, खर्च नाही, असेही सांगितले.

"थंय तिका कोणाचा लाकूड आसतला?" तो म्हणाला. "भाऊ, तू घराक जा. वही काड आणि माजी लाकडा मोज."

मी घरी येऊन वही काढली. १९८८ पासून त्या दिवसापर्यंत वाड्यावर अठ्ठ्याहत्तर मृत्यू झाले होते. त्यांतल्या तीन वेळी तो आपल्या गावी गेलेला होता, ते मला आठवत होते. राहिले पंच्याहत्तर. पंच्याहत्तर चितांवर त्याचे एकेक लाकूड होते. त्यांत माझ्या आईच्याही. उलट बाजूला त्याच्या नावावर काही नव्हते, कारण त्याचे नावच नव्हते.

मी मास्तरांना फोन केला. "मास्तर, ठरावांत बदल करूया."

"कसलो बदल? ठराव तुवेंच सांगलो. हांव 'आपलीं माणसां' बरयत आसलों."

"म्हणूनच सांगतां. चूक माजी."

"चूक आसा जाल्यार सभा घे. पूण आतां पांचांपरस चड माणसां एकठांय येवंक जायनात, हो हुकूम आयला. सभा जावची ना."

"मागीर?"

"मागीर तू आनी तुजी वही. हांव ना म्हणना." फोन ठेवताना ते म्हणाले, "व्हय लेगीत म्हणना."

मग मी वाड्याच्या मोबाईल गटावर लिहिले. पाडेल्याची बायको गेली, तिला आपल्या मसणवटीत न्यायचे आहे, घरटी एक लाकूड द्यावे. तेवीस मिनिटांत एकेचाळीस संदेश आले. सव्वीस श्रद्धांजलीचे, हात जोडलेले. नऊ ठरावाची आठवण देणारे. सहा जणांनी सीमेवर पोलिसांनी काय करायला हवे होते ते लिहिले, आणि त्या सहा जणांचे मग आपापसांत जुंपले. लाकडाबद्दल एकही नव्हता.

कळवणारा तोच, आणि मरण त्याच्याच घरचे. म्हणून अकरा वाजता मीच निघालो. त्याच्यासारखाच अंगणात उभा राहायचो आणि म्हणायचो, "पाडेल्याच्या घराक लाकूड." माझे सोडून त्रेसष्ट घरे, दोन तास दहा मिनिटे. पंचवीस दारे उघडलीच नाहीत. त्यांतल्या कितीतरी घरांत माणसांचा आवाज येत होता, मी बोललो की थांबत होता. बावीस घरांनी नाही म्हटले. कोणाची लाकडे वादळात भिजली होती. कोणी म्हणाला, लाकूड देईन पण मसणवटीत कोण नेणार. एकाने दारातूनच विचारले, "घराक क्रमांक आसा?" मी नाही म्हणालो. तो आत गेला. माझ्याच हातांनी दिलेली मोजपट्टी त्याने मला लावून दाखवली होती, त्याच्यावर राग धरायला जागा नव्हती.

पंचाच्या अंगणात मी उभा राहिलो तेव्हा त्याची बायको मागच्या दाराने आली आणि गडग्यावरून तिने दोन लाकडे बाहेर टाकली.

"एक ह्या घराचा," ती हळू म्हणाली. "एक माज्या माहेराचा."

आतून पंचाने हाक मारली, "कोण आयलां गो?"

"कोण नाय. पोदेर."

पोदेर सकाळीच येऊन गेला होता. पंच बाहेर आला नाही.

सोळा घरांतून सतरा लाकडे मिळाली. त्यांतली पाच ओली होती. आमच्याकडे चितेला चौसष्ट लाकडे लागतात. इतकी वर्षे तेवढीच पडत आली म्हणा, पण त्यात उरल्याचे कधी पाहिले नाही. वखारीला फोन केला. सुकलेले काहीच नाही, म्हणाले. वादळात छप्पर उडाले.

आमच्या मागच्या मांगरात, म्हणजे सामान ठेवायच्या खोपटात, सुकी लाकडे होती. आंब्याची, तीन वर्षे वाळवलेली, सत्तरच्या आसपास. म्हाताऱ्या माणसासाठी अशी रास घालून ठेवतात, कारण पावसात कोणी गेले तर सुके लाकूड मिळत नाही. ती वडिलांची होती. वडिलांनीच झाड निवडले होते, वडिलांनीच रचून घेतली होती. तिला कोणी हात लावत नाही. रास हलवली की माणूस हलतो, असे आमच्याकडे म्हणतात. मी मांगराची कडी काढली तशी बायको मागून आली.

"त्या लाकडांक हात लावूं नाकात," ती म्हणाली. "दुसरीं खंयचींय हाडात. तीं नाकात."

"दुसरीं नात."

"आनी फाल्यां आबांक कितें जालें जाल्यार? माका लोक सोडटले?"

वडील जनेलाशी खुर्चीवर बसले होते. त्यांना कमी ऐकू येते, पण नको ते बरोबर ऐकू येते. "कितें हालयतात थंय?" त्यांनी विचारले.

मी जवळ जाऊन सगळे सांगितले. ठरावाचे शब्द माझे होते, तेही सांगितले. त्यांनी मान हलवली.

"व्हर," ते म्हणाले, म्हणजे ने. "तीन वर्सां राखलीं, वाळवी खाता. हांव आनीक इतल्यांत मरना, आनी मेलों जाल्यार सांगूंक कोण वतलो? तोच न्ही?" मग बायकोकडे पाहून म्हणाले, "तूं भियेनाका गो. दाक्तर सांगता साखर वाडल्या, लाकडां उणीं जालीं म्हणून साखर वाडना." आणि मला म्हणाले, "पूण घरटें एक तें तुजें वेगळें घाल. माजीं हीं उसनीं."

चुलतभाऊ न बोलावता पिकअप घेऊन आला. त्याचे एक लाकूड मला आधीच मिळाले होते. मी राशीतून एकेक काढून त्याच्याकडे देत होतो. सतरा मिळालेली, एक आमचे, म्हणजे अठरा. चौसष्ट भरायला शेचाळीस हवी होती.

"मोजता कित्याक?" तो म्हणाला. "वजनकाट्यार आसा काय? घाल सगळीं."

"शेचाळीस."

त्याने माझ्याकडे पाहिले आणि पुढचे लाकूड घ्यायला हात पुढे केला. डिझेलचे किती, असे मी नंतर विचारले तेव्हा म्हणाला, "तुका मारीन."

तीन वाजून वीस मिनिटांनी शववाहिका आली. कागदावर मी सही केली. नाते विचारले होते, तिथे काय लिहावे ते कळेना. शेजारी असे लिहिले. मसणवटीत आम्ही तिघेच होतो. चिता मी आणि चुलतभावाने आधीच रचली होती. पांढऱ्या प्लास्टिकच्या कपड्यांतल्या चार जणांनी बंद पिशवी उतरवून लाकडांवर ठेवली. चेहरा दाखवता येणार नाही, म्हणाले. पाडेल्याने तसे विचारलेही नव्हते. तो दहा पावलांवर उभा होता. आम्ही वरची लाकडे लावून मागे सरलो, तेव्हा तो नेहमीसारखा शेवटी पुढे झाला. त्याच्या खांद्यावर त्याचे लाकूड होते. ते त्याने पायथ्याशी ठेवले, नेहमी ठेवायचा तसेच. मग क्षणभर गोंधळला. इतकी वर्षे लाकूड ठेवले की त्याचे काम संपत असे आणि तो जाऊन फणसाखाली बसत असे. अग्नी द्यायचा राहिला आहे हे चुलतभावाने त्याला सांगितले.

सुकी लाकडे लगेच धरली. ओली पाच शेवटपर्यंत धूर देत राहिली.

त्या संध्याकाळी सरकारचा आकडा आला. मी तो उतरून घेतला आणि बराच वेळ बघत बसलो. त्यात ती होती की नाही, मला सांगता येत नव्हते. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या जिल्ह्याचाही आकडा मिळवून पाहिला. तिला इकडे मोजले, तिकडे मोजले की कुठेच नाही, हे मला अजून कळलेले नाही. त्यानंतर मी मागच्या पानांवर काही लिहिले नाही.

वाड्यावर कोणी मला तोंडावर काही म्हणाले नाही. मोबाईल गटावर दोन दिवस माझ्या सहीबद्दल चर्चा झाली, मग लशीबद्दल सुरू झाली. पाडेल्याला मात्र कोणी नारळ पाडायला बोलावले नाही. माडांवर नारळ सुकून आपोआप पडू लागले आणि माणसे माडाखालून जाताना डोक्यावर हात धरू लागली.

मंगळवार, ८ जून. तिचे तेरावे होऊन गेले होते. मी त्याची मजुरी घेऊन झोपडीवर गेलो. १० ते १५ मे, सहा दिवस, अठराशे रुपये. तो बाहेर आला. या वेळी दोघांत दहा पावले ठेवली नाहीत, मी चार पावलांवर उभा राहिलो. त्याने पैसे हातात घेतले नाहीत.

"पंदराक दनपारी मी उठान गेल्लंय," तो म्हणाला. "तिका तेवाच ताप येयत होतो. अर्दो दीस काट."

मला ते माहीत नव्हते. कोणालाच माहीत नव्हते. मी दीडशे कमी केले.

"आणि घराचे दोनशे काट."

"ते तुजेकडेन मागूंक नाशिल्ले."

"मागूक नाय, तीच तर गजाल," तो म्हणाला. "आता माजीच पाळी. तेवा कोणाक वही उगडून मोजूचा लागू नये."

मी वही बरोबर नेलीच होती. यादीच्या शेवटी, चौसष्टच्या खाली, मी पासष्ट लिहिले आणि त्याच्यासमोर त्याचे नाव. पावती फाडून दिली. त्याला वाचता येते. त्याने ती दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. पुढे मास्तरांनी मला विचारले की हा क्रमांक कोणत्या ठरावाने दिला. चौसष्टानंतर पासष्ट येतात, मी म्हणालो. ठराव अजून तसाच आहे.

त्या दिवशी दिलेली रक्कम अशी. वाड्याच्या निधीतून पाडेल्याला, साडेपाच दिवसांची मजुरी, रुपये एक हजार सहाशे पन्नास. त्यातून पासष्टाव्या घराची वर्गणी वजा, रुपये दोनशे. त्याच्या हातात रोख दिले ते रुपये एक हजार चारशे पन्नास.